15 ऑगस्ट रविवारी आला तर: उपासनेत तिरंगा, राष्ट्रगीत आणि देशासाठी प्रार्थना

द्राक्षवेल

सर्वांना जय ख्रिस्त.

2027 मध्ये 15 ऑगस्ट रविवारी येतो. आमची प्रोटेस्टंट मराठी मंडळी आहे, रविवारी दीड-दोनशे माणसे असतात, उपासना साडेनऊ ते अकरा. पंचमंडळात (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) या दिवसाची आखणी निघाली आणि लगेच दोन तट पडले.

एका बाजूच्या सूचना अशा: वेदीजवळ तिरंगा उभा करावा, वेदीवर तिरंगी कापड घालावे, पाळकसाहेबांनी तिरंगी स्टोल (गळ्यातून पुढे सोडायची लांब पट्टी) घ्यावा, पहिल्या स्तुतिगीताऐवजी राष्ट्रगीत घ्यावे, अर्पणाच्या वेळी संडे स्कूलच्या मुलांनी देशभक्तीचे सिनेगीत म्हणावे, आणि उपदेशाच्या जागी एखाद्या लोकप्रतिनिधीचे भाषण ठेवावे. दुसरी बाजू म्हणते, उपासना फक्त देवाची. झेंडा शाळेत लागतोच, मंदिरात (चर्चमध्ये) देशाचा विषयही नको.

मला दोन्ही टोके पटत नाहीत, पण बैठकीत नुसते 'पटत नाही' म्हणून चालत नाही. म्हणून जाणकारांना विचारते:

1. उपासनाक्रमात देशाचा विषय नेमका कुठे यावा आणि किती वेळ?
2. मंदिरात झेंडा ठेवायचाच झाला तर कायदा काय सांगतो? वेदीवरचे कापड आणि स्टोल चालेल का?
3. राष्ट्रगीत केव्हा घ्यावे? एखाद्याने म्हटले नाही तर?
4. ऑगस्टचा पाऊस धरून आवारातले झेंडावंदन कसे पार पाडायचे?

घंटाघर

द्राक्षवेलताई, देशाला उपासनेत जागा आहे आणि ती फार जुनी आहे: मध्यस्थीच्या (इतरांसाठी मागायच्या) प्रार्थनेत आणि पापांगीकारात, म्हणजे पापांच्या कबुलीत. झेंडा आणि राष्ट्रगीत यांची जागा आशीर्वचनानंतर, आवारात. पंचमंडळात एवढे आधी ठरवून घ्या, पुढचे वाद निम्मे होतील.

'देशाचा विषयही नको' म्हणणाऱ्यांना 1 तीमथ्य 2:1-2 दाखवा. राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या, प्रार्थना आणि उपकारस्तुती करा, असे पौल लिहितो, आणि तेही रोमी सम्राटाच्या अमलाखाली, जिथे ख्रिस्ती माणसाला कसलेच संरक्षण नव्हते. इ.स. 197 च्या सुमारास कार्थेजचा टर्टुलियन सांगतो की आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य, सुरक्षित राज्य, शूर सैन्य, विश्वासू सभा आणि शांत जग मागतो. पण सम्राटाला देव म्हणायला तो ठाम नकार देतो. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत राजासाठी प्रार्थना होतीच. 26 जानेवारी 1950 ला देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा इथल्या मंडळ्यांत राजाच्या जागी राष्ट्रपती आले, प्रार्थना गेली नाही. देशासाठी प्रार्थना न करणारी मंडळी आपल्या परंपरेतच बसत नाही.

वेदीजवळ झेंडा मागणाऱ्यांना दुसरी बाजू सांगावी लागेल. इ.स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने ख्रिस्ती लोकांची परीक्षा काय ठेवली होती? सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा. आपण ख्रिस्तीच आहोत असे जे ठामपणे सांगत राहिले त्यांना त्याने मृत्युदंड दिला. म्हणून देशाच्या कुठल्याही चिन्हापुढे धूप, आरती, गुडघे टेकणे, डोके टेकणे यांतले काही ठेवू नका. दुसरे उदाहरण जर्मनीचे. 1933 नंतर तिथल्या 'जर्मन ख्रिस्ती' गटाने स्वस्तिकाचे झेंडे थेट वेदीपर्यंत आणले, आणि पाठोपाठ यहूदी वंशाच्या पाळकांना काढून टाकण्याची मागणीही आणली. मे 1934 मध्ये बार्मेनला जमलेल्या मंडळ्यांनी जाहीरनामा काढून सांगितले की मंडळीने ऐकायचा व पाळायचा देवाचा एकच शब्द म्हणजे येशू ख्रिस्त. आपल्या मंडळीत कोणाच्या मनात तसले काही नाही, हे उघड आहे. पण वेदीजवळ एकदा ठेवलेली वस्तू काढताना नेहमी भांडण होते. पुढल्या वर्षी झेंडा काढायचा म्हटले की 'देशाचा अपमान' हा शब्द येणार. म्हणून आधीच बाहेर ठेवा.

आता क्रम. तुमच्या नव्वद मिनिटांत असा बसेल:

आवाहन आणि स्तुतिगीत नेहमीसारखे, साधारण 10 मिनिटे. आवाहनाला स्तोत्र 67 चांगले, कारण त्यात सर्व राष्ट्रे एकत्र देवाची स्तुती करतात. 'उपासना संगीता'तलेच गीत घ्या. रेव्ह. ना. वा. टिळकांची कितीतरी गीते त्यात आहेत, आणि मराठी मातीतली भक्ती त्यांच्या चालीतच आहे. वेगळे 'देशी' वातावरण उभे करावे लागत नाही.

पापांगीकार 4 ते 5 मिनिटे. हा भाग बहुतेक मंडळ्या या दिवशी विसरतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच आहे. देशाचे पाप 'त्यांचे' नव्हे तर 'आमचे' म्हणून कबूल करा. जातीचा अभिमान, आणि तो मंडळीतल्या सोयरिकीतही दिसतो हे. गटारात उतरून मरणारे सफाई कामगार. लाच देणे, केवळ घेणे नव्हे. मतदानाच्या दिवशी घरी बसणे. प्रत्येक वाक्यानंतर पाच-सात सेकंद शांतता ठेवा. ती ठेवली नाही तर कबुली यादीसारखी वाचली जाते.

शास्त्रपाठ व उपदेश 30 मिनिटे. उपदेशाचे खाली लिहितो.

मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, 2 मिनिटे. मतांगीकाराच्या जागी प्रतिज्ञा किंवा उद्देशिका कधीही घेऊ नका. संविधानाची उद्देशिका वाचायला फार चांगली आहे, मराठीत एका मिनिटात वाचून होते, पण ती आवारात झेंड्याखाली वाचा. मंडळी उभी राहून 'मी विश्वास धरतो' म्हणते, ते देवाविषयी.

मध्यस्थीची प्रार्थना 7 मिनिटे. एकाच माणसाने केलेली लांब प्रार्थना या दिवशी हमखास भाषण होते. पाच तुकडे करा, पाच वाचक ठेवा, आणि प्रत्येक तुकडा लिहून घ्या, साठ-सत्तर शब्दांचा. नमुना:

'सर्व राष्ट्रांच्या प्रभू, आमच्या भारत देशासाठी आम्ही तुझे उपकार मानतो. त्याच्या नद्या, शेते, भाषा आणि माणसे तुझी आहेत. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, आमचे आमदार, खासदार आणि ग्रामपंचायत यांना न्यायाने वागण्याची बुद्धी दे. न्यायाधीशांना पक्षपातापासून राख. पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन जाणाऱ्या गरिबाचे ऐकले जावो. प्रभू, तुझ्या दयेने...'

मंडळी: 'आमची प्रार्थना ऐक.'

पुढचे चार तुकडे: सीमेवरचे सैनिक आणि त्यांची घरे, शेतकरी, मजूर व बेकार तरुण, तुरुंगात असलेले, त्यांत खटला न चाललेले कच्चे कैदीही, आणि शेजारची राष्ट्रे. शेवटचा तुकडा गाळू नका. शत्रूसाठी प्रार्थना करा हे प्रभूने सांगितले आहे, आणि ते सांगण्याची परीक्षा याच दिवशी असते. 'आमच्या सैन्याला विजय दे' एवढेच मागून थांबणारी प्रार्थना अर्धी राहते.

नेते पदाने घ्या किंवा नावाने, पण सर्वांना एकच नियम लावा. एका पक्षाचे नाव घेऊन आणि दुसऱ्याचे पद म्हणून प्रार्थना केली की मंडळीला ते लगेच कळते. आणि हा तुकडा वर्षभर दर रविवारी दोन वाक्यांत यायला हवा. एरवी कधी नाही आणि फक्त 15 ऑगस्टला आला तर तो प्रसंगापुरता वाटतो.

अर्पण, गीत, सूचना व आशीर्वचन मिळून 15 मिनिटे. मग सर्वजण रांगेने आवारात. एकूण सत्तर मिनिटे होतात. वीस मिनिटे झेंडावंदनाला उरतात.

सिनेगीत नको, याचे कारण चाल वाईट आहे हे नव्हे. ते गीत देशाला किंवा सैनिकाला उद्देशून असते, आणि अर्पणाच्या वेळी मंडळी देवाशी बोलत असते. मुलांनी ते आवारात, झेंड्याजवळ म्हणावे. तिथे ते शोभते आणि मुलांचा हिरमोडही होत नाही.

उपदेशाबद्दल. या दिवशी दोन वचने हमखास चुकीची वापरली जातात. 2 इतिहास 7:14, 'माझे नाम ज्यांना दिले आहे ते माझे लोक', हे मंदिर-समर्पणानंतर शलमोनाला इस्राएलाविषयी सांगितलेले आहे. तिथे 'देश' म्हणजे भारत, असे धरून उपदेश केला की पुढचा सगळा अर्थ घसरतो. आज 'माझे लोक' म्हणायचे तर मंडळी, म्हणजे पश्चात्तापाची हाक मंडळीलाच. स्तोत्र 33:12 चेही तसेच, आणि तिथे तर चार ओळी पुढे लिहिले आहे की राजा मोठ्या सैन्याने वाचत नाही.

त्याऐवजी यिर्मया 29:4-7 घ्या. बंदिवासात नेलेल्यांना संदेष्टा पत्राने सांगतो: घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. किंवा फिलिप्पै 3:20. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, इ.स.पू. 42 च्या लढाईनंतर तिथे निवृत्त सैनिक वसवले होते आणि रोमी नागरिकत्वाचा तिथे मोठा डौल होता. अशा गावाला पौल सांगतो की आपले नागरिकत्व स्वर्गात आहे. सर्वांत नेमका उतारा मात्र आमोस 1 आणि 2. दिमिष्क, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असे एकेक शेजारी घेऊन आमोस त्यांचे अपराध मोजतो. ऐकणारे खूष होत असणार. मग यहूदा, आणि शेवटी खुद्द इस्राएल: रुप्यासाठी धार्मिकाला आणि जोड्यासाठी गरिबाला विकणारे. देशावर प्रेम करणारा संदेष्टा आपल्याच देशाशी कसा बोलतो, हे दोन अध्यायांत सगळे आहे.

लोकप्रतिनिधीचे भाषण उपासनेत अजिबात ठेवू नका. धार्मिक संस्थांच्या दुरुपयोगाला आळा घालणारा 1988 चा कायदा प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरायला बंदी घालतो, आणि जबाबदारी व्यवस्थापकांवर येते. पाहुणे म्हणून झेंडावंदनाला बोलवा, पण मंडळीतल्या सर्वांत वयस्कर सभासदाकडून किंवा निवृत्त शिक्षिकेकडून झेंडा फडकवा. पुढच्या वर्षी 'आमच्या पक्षाचा का नाही' हा प्रश्न उरत नाही.

खांब_दोरी

घंटाघर यांनी उपासनेचे सांगितले, मी झेंड्यापुरते लिहितो. आधार दोन: 1971 चा राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा आणि 26 जानेवारी 2002 पासूनची ध्वजसंहिता.

वेदीवरचे तिरंगी कापड: नाही. भाषणाच्या मेजावर झेंडा आच्छादन म्हणून घालणे किंवा व्यासपीठावर पसरणे हे कायद्यातच अवमानात मोडते. वेदीचे मेज त्याहून वेगळे मानायचे कारण नाही. त्यावर मेणबत्तीचे मेण आणि प्रभुभोजनाचा रस सांडतो, ते वेगळेच.

स्टोल: नाही. झेंडा कमरेखाली येणाऱ्या पोशाखाचा भाग म्हणून वापरता येत नाही, आणि स्टोलची टोके गुडघ्यापर्यंत येतात. 'चक्र काढले की झाले' असे शिंपी सांगतात, त्यावर जाऊ नका; कायद्यातली व्याख्या झेंड्याच्या भागालाही लागू होते. त्या रविवारचा जो रंग असेल तोच घ्या.

मंदिरात झेंडा ठेवलाच तर: बोलणारा लोकांकडे तोंड करून उभा असताना त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे बाकांवरून पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला. बहुतेक ठिकाणी हेच उलटे होते, कारण मांडणारा बाकांकडून पाहून मांडतो. झेंड्याच्या काठीवर किंवा वर हार, फुले, चिन्ह काही नको. दुसरा कुठलाही झेंडा त्याच्याहून उंच किंवा त्याला लागून नको. साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाच्या हॉलमध्ये त्यांचा निळ्या काठाचा, तांबडा, पिवळ्या ताऱ्याचा झेंडा असतो. त्यांनी हे विशेष पाहावे. क्रूस हा झेंडा नाही, त्यामुळे क्रूस वर असण्याला संहितेची आडकाठी नाही. पण या सगळ्या मोजमापापेक्षा झेंडा प्रवेशद्वाराच्या पडवीत किंवा आवारात ठेवणे सोपे. आत छताचे पंखे चालू असतात, कापड पंख्यात किंवा मेणबत्तीवर जाते.

आवारातले झेंडावंदन:

झेंड्याचे प्रमाण लांबी-रुंदी 3:2. पंधरा-वीस फुटी खांबाला 900 × 600 मिमी पुरतो, खांब भक्कम आणि मोकळ्या जागेत असेल तर 1350 × 900. त्याहून मोठा ओला झाला की वजनाने खाली लोंबतो आणि दोरी ओढताना अडतो. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडाही चालतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ऑगस्टमध्ये पॉलिएस्टरच घ्या, लवकर वाळतो आणि फडकतो. खादीचाच हवा असेल तर फडकवण्याच्या वेळेपर्यंत कोरडा ठेवा.

झेंडा उघडत नाही, याची कारणे बहुधा तीनच. पहिले, सुती दोरी: भिजली की फुगते आणि कप्पीत अडकते. 6 मिमी नायलॉनची घ्या. दुसरे, गाठ: झेंड्याभोवती दोरीचे दोन वेढे आणि एक सरकती गाठ एवढेच हवे, ओढायचे टोक वीतभर मोकळे. काळजीपोटी दुसरी गाठ मारली जाते आणि तीच नडते. तिसरे, पाकळ्या: झेंड्यात पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही, पण मूठभर, आणि झेंडूच्या सुक्या. ओल्या गुलाबाच्या पाकळ्या कापडाला चिकटून घड्या धरून ठेवतात. आदल्या संध्याकाळी दोनदा पूर्ण तालीम घ्या, एकदा दोरी मुद्दाम भिजवून.

केशरी पट्टा वर. हे सांगायची गरज नाही असे वाटते, पण गुंडाळलेल्या झेंड्यात टोक ओळखू येत नाही. केशरी बाजूच्या दोरीला आधीच रंगीत दोरा बांधा. झेंडा वर जाताना जलद, उतरवताना सावकाश.

पावसात वंदन पुढे ढकलायचे कारण नाही, मंडळी पडवीत उभी राहू शकते. जुलै 2022 पासून उघड्यावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो, पण देखरेख नसेल तर सूर्यास्ताला उतरवा आणि ते काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा. भिजलेला झेंडा घडी करून कपाटात टाकू नका, बुरशी धरते. आडवा पसरून सावलीत वाळवा. फाटलेला झेंडा पुन्हा लावायचा नाही. तो पूर्णपणे, खासगीत, शक्यतो जाळून नष्ट करायचा.

मुलांना झेंडे द्यायचे तर कागदी, प्लास्टिकचे नकोत. फाटकाजवळ टोपली ठेवा आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना ते परत गोळा करायला सांगा. जमिनीवर पडलेले झेंडे हा नेहमीचा दोष आहे.

राष्ट्रगीत: पूर्ण सुमारे 52 सेकंद. त्याहून फार लांबले की समजा पेटी रेंगाळते आहे. सूर हा खरा प्रश्न आहे. चाल मंद्र निषादापासून 'जय हे जय हे'च्या तार षड्जापर्यंत जाते, म्हणजे सप्तकाहून थोडी जास्त. पेटीवाल्याने षड्ज पांढरी एक किंवा काळी एकवर धरावा. क्वायरच्या सोयीने पांढरी चारवर घेतला तर शेवटच्या 'जय हे'ला मागच्या रांगा गप्प होतात. ध्वनिमुद्रित वाद्यमेळ लावण्यापेक्षा लोकांनी म्हणावे. लावायचाच तर भ्रमणध्वनी 'फ्लाइट मोड'वर ठेवा, मध्येच फोन वाजतो.

न म्हणणाऱ्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. केरळमधल्या यहोवा साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतून काढले होते. ती आदराने उभी राहत, फक्त गात नसत. बिजोय इमॅन्युएल खटल्यात 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले: आदराने उभे राहणे पुरेसे, न गाणे हा अवमान नाही. गुन्हा आहे तो राष्ट्रगीत मुद्दाम थांबवणे किंवा त्यात व्यत्यय आणणे. तेव्हा कोण ओठ हलवतो हे पाहणारे स्वयंसेवक नेमू नका. ज्यांना उभे राहणे जमत नाही त्यांच्यासाठी पडवीत खुर्च्या ठेवा.

वेळेचे एक. राज्य शासनाच्या परिपत्रकांत 15 ऑगस्टचे मुख्य ध्वजारोहण 9.05 ला असते आणि 8.35 ते 9.35 या वेळात दुसरे शासकीय समारंभ ठेवू नयेत असे सांगितलेले असते. तुमचे साडेअकराच्या आत होईल, अडचण नाही. पण शिक्षक आणि सरकारी नोकर सकाळी आपापल्या ठिकाणी असतील. उपासना पावणेदहाला सुरू केलीत तर ते पोहोचतील.

पारिजात_वसई

कॅथलिक बाजूने थोडे. आमच्याकडे 15 ऑगस्ट हा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आहे आणि भारतात त्या दिवशी मिस्सा बंधनकारक आहे, रविवार असो वा नसो. 2027 मध्ये तो रविवारच्या मिस्साची जागा घेईल. रंग पांढरा, वाचने ठरलेली, त्यामुळे 'कार्यक्रम' घुसवायला वावच नाही, आणि हे एका परीने बरे आहे. देशासाठीची जागा विश्वासूंच्या प्रार्थनांत. मिस्साच्या नियमांतच सार्वजनिक अधिकाऱ्यांसाठी एक विनंती सांगितली आहे. झेंडावंदन अंतिम आशीर्वादानंतर, बाहेर. मिस्साच्या शेवटच्या गीताऐवजी राष्ट्रगीत घ्यायची सूचना आली तर फादरांना दोन मिनिटे थांबून बाहेरच घ्यायला सांगा.

या दिवसाचे शुभवर्तमान लूक 1:39-56 आहे, म्हणजे मरियेचे गीत. गर्विष्ठांची दाणादाण, सत्ताधीश आसनांवरून खाली, दीन वर, भुकेलेले तृप्त, धनवान रिकाम्या हाताने परत. स्वातंत्र्यदिनी देशात हेच वाचले जाते, आणि तरी प्रवचनात बहुधा ते वगळून नुसते झेंड्याच्या तीन रंगांचे अर्थ सांगितले जातात. घंटाघर यांच्या यादीत हा उतारा मी पहिला ठेवीन. प्रोटेस्टंट मंडळीलाही तो वाचायला काहीच अडचण नाही.

गोव्यातल्यांसाठी: 19 डिसेंबरचा मुक्तिदिन नेहमी आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या तयारीच्या काळात येतो. वेदीचा जांभळा रंग बदलू नये, फुलांची आरास वाढवू नये. प्रार्थनांत मुक्तीसाठी उपकारस्तुती घालावी, ती आगमनकाळाच्या वाट पाहण्याशी जुळतेच.

सह्याद्री_वारा

घंटाघर, तुमचे बरेचसे मान्य, पण एक गोष्ट सुटते आहे. ख्रिस्ती माणसाला आजही 'तुमचा धर्म परदेशी' ऐकावे लागते. मुलांना शाळेत ऐकावे लागते. अशा वेळी मंदिरात उभा असलेला तिरंगा त्या मुलांना सांगतो की हा देश तुमचा आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या भिंतींवर 1838-42 च्या युद्धात मेलेल्या ब्रिटिश फौजेची स्मारके आजही आहेत. साम्राज्याच्या खुणा आत चालतात आणि आपल्या प्रजासत्ताकाचा झेंडा मात्र दाराबाहेर, हे न्याय्य वाटत नाही. होमरूल लीगचे अध्यक्ष बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा, म्हणजे माझगावचे काका बाप्टिस्टा, लोकमान्यांचे जवळचे सहकारी होते. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती होत्या. हे मुलांना कुठे सांगायचे?

घंटाघर

सह्याद्री_वारा, दुखणे खरे आहे आणि नावे अगदी योग्य घेतलीत. ती मंदिरातच घ्या, पण प्रार्थनेत. 'काका बाप्टिस्टा यांच्यासारख्या सेवकांसाठी, ज्यांनी या देशाच्या स्वराज्यासाठी आयुष्य दिले, आम्ही तुझे उपकार मानतो' हे वाक्य मध्यस्थीच्या पहिल्या तुकड्यात बसते, आणि मुलगा ते वाक्य घरी नेतो. संडे स्कूलच्या त्या दिवशीच्या पाठात चाळीस मिनिटे याच माणसांना द्या.

पण निष्ठा सिद्ध करण्यासाठी झेंडा आत आणला तर त्याला शेवट नसतो. आज झेंडा, उद्या आणखी काही, आणि पुराव्याची मागणी करणारा समाधानी होत नाही. शिवाय मुलगा यातून शिकतो की त्याचा देश त्याला दरवर्षी सिद्ध करून मिळवायचा आहे. तो त्याचा आहेच; संविधानाच्या 25व्या कलमाने त्याच्या उपासनेचे स्वातंत्र्यही मानले आहे.

अफगाण चर्चची स्मारके ही कुटुंबांनी आणि फौजांनी लावलेल्या मृतांच्या आठवणी आहेत, उपासनेतले चिन्ह नव्हेत. तरी तुमचा मुद्दा मी असा घेईन: साम्राज्याने मंदिरात पलटणींचा अभिमान आणला, तो आपण पुढे चालवायचे कारण नाही. तुमच्या मंदिरात जुन्या पाट्या असतील तर त्यांच्या शेजारी मंडळीतल्या स्वातंत्र्यसैनिकांची आणि शिक्षकांची पाटी लावा. पंचमंडळाच्या ठरावाने, आणि वास्तू वारसा यादीत असेल तर परवानगी घेऊन.

द्राक्षवेल

सर्वांचे मनापासून आभार. पावणेदहाची वेळ, पाच वाचक आणि आमोस, हे तिन्ही मी बैठकीत मांडते. कापड आणि स्टोलचा प्रश्न कायद्यानेच सुटला.

एक जोडप्रश्न. आमच्या मंडळीत निवृत्त सैनिक बरेच आहेत. त्यांच्या अंत्यविधीला पेटीवर तिरंगा घालायचा आग्रह असतो. मंदिरातल्या उपासनेत तो चालतो का, आणि दफनाच्या वेळी काय करायचे?

खांब_दोरी

द्राक्षवेलताई, पेटीवर झेंडा फक्त शासकीय इतमामाच्या अंत्यविधीला किंवा सैन्यदल व निमलष्करी दलांकडून होणाऱ्या अंत्यविधीला. कुटुंबाने बाजारातून आणून घालायचा नाही, मृत व्यक्ती निवृत्त सैनिक असली तरी. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोला. दलाकडून मानवंदना मिळणार असेल तर झेंडा आणि जवान तेच आणतात, आणि झेंड्याची जबाबदारी त्यांची असते.

मंदिरातल्या विधीचा क्रम असा ठेवता येतो. पेटी दाराशी आली की जवान झेंडा काढून घडी करतात, मग पाळक पेटीवर मंडळीचे साधे पांढरे आच्छादन घालतात आणि पेटी आत येते. आच्छादन सर्वांना एकच असते, हवालदार असो वा कर्नल, म्हणून ते घालायचे. उपासना संपली की दाराबाहेर आच्छादन काढून झेंडा परत घालायचा, केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. दोन्ही वेळा मिळून तीन-चार मिनिटे जातात. पेटी ठेवायला दाराशी दोन भक्कम बाके आधीच लावून ठेवा, नाहीतर उचलून धरणाऱ्यांचे हाल होतात. कुटुंबाला आणि दलाच्या अधिकाऱ्याला हा क्रम आदल्या दिवशी सांगा. विधीच्या वेळी दारात सांगितला की झेंडा काढणे अपमान वाटतो.

दफनभूमीत बंदुकीची सलामी आणि 'लास्ट पोस्ट' ही बिगुलाची धून केव्हा, हे पाळकांनी अधिकाऱ्याशी ठरवून घ्यावे. मातीला माती ही वाक्ये आणि आशीर्वचन पूर्ण झाल्यावर सलामी घेतली तर प्रार्थना तुटत नाही. झेंडा कबरीत उतरवायचा नाही. पेटी दोरांवर घेण्यापूर्वीच तो काढून घडी करायचा. घरच्यांना द्यायचा की दलाने न्यायचा, हेही आदल्या दिवशीच अधिकाऱ्याला विचारून ठेवा.